न पोचलेला रिपोर्ट

जामखेडजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात कॉम्प्युटरचं सगळं सिल्व्हिया पाटोळे बघायची. प्रिंटर अडो, ईमेल अडो, हाक तिलाच. दवाखान्याची वेबसाईट नव्या कंपनीकडे हलवायचं कामही तिच्याकडेच आलं. कंपनीने कळवलं, तुमच्या डोमेनवर, म्हणजे दवाखान्याच्या इंटरनेटवरच्या नावावर, सी-नेम नोंद टाका. म्हणजे ‘या नावाचं जे काही विचारायचं ते आमच्या नावाला विचारा’ असा निरोप. तिने ती टाकली. त्याच नावाचं ईमेलचं टपाल कुठे द्यायचं ते सांगणारी एमएक्स नोंद शेजारी होती, तिला हात लावला नाही. बाहेरून एक मेल पाठवून बघितला. आला. ती निर्धास्त झाली.

सी-नेम ज्या नावावर बसते तिथे दुसरी नोंद चालत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि नोंदी भरायच्या पॅनेलनेही अडवलं नाही. बाहेरचे सर्व्हर जुनं उत्तर थोडा काळ लक्षात ठेवतात, म्हणून तो मेल पोचला होता. पुढे काही सर्व्हर टपालाचा पत्ता सी-नेममागच्या कंपनीकडे विचारू लागले. त्यांचे मेल परत जायचे. बाकीचे येत राहायचे. त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

त्याच सुमारास दवाखान्यातल्या पेशंट भागूबाईंच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला पुण्याच्या लॅबला गेला होता. त्यांचा मुलगा सूर्यभान दर बाजाराला यायचा. “म्याडम, रिपोर्ट आला का?”

सिल्व्हिया मेल उघडून बघायची. “नाही हो दादा, अजून नाही.”

“लॅबवाले उशीर करतातच,” दवाखान्याचे डॉक्टर नोहा म्हणायचे.

मग एकदा भागूबाईंना घास गिळेना. सिल्व्हियाने लॅबला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, “तो आम्ही केव्हाच पाठवलाय.” परत आलेले मेल तिथे कुणी उघडत नव्हतं. गाठ कॅन्सरची होती.

परत गेलेल्या मेलवरचा शेरा लॅबकडून वाचून घेतल्यावर सिल्व्हियाला आपली चूक कळली. त्याच दुपारी तिने सी-नेम काढून वेबसाईटचा पत्ता सरळ आकड्यांत टाकला. टपाल सुरळीत झालं. भागूबाईंना नगरला नेलं, तिथले डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला.

“लॅबकडून उशीर झाला एवढंच सांग,” डॉक्टर नोहा तिला म्हणाले.

ती सूर्यभानच्या घरी गेली. ओट्यावर बसून म्हणाली, “दादा, लॅबने रिपोर्ट वेळेत पाठवला होता. मी डोमेनमध्ये चुकीचा बदल केला, म्हणून तो आम्हाला मिळाला नाही.”

सूर्यभानने तिच्याकडे वळून विचारलं, “म्हंजी मी इचारत हुतो, तवा त्यो तयार हुता?”

“हो.”

“आईला नका सांगू. देवानं दिलं म्हनती ती. तसंच ऱ्हाऊ द्या.”

आतून भागूबाईंचा घोगरा आवाज आला, “म्याडमला च्या टाक रं.”

तो चहा सिल्व्हियाला प्यावाच लागला. दिवाळीआधी भागूबाई गेल्या. सिल्व्हिया मातीला गेली, बायकांत मागे उभी राहिली. सूर्यभानने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि पुढे घरातलं कुणी आजारी पडलं तरी तो त्या दवाखान्याची पायरी चढला नाही. सिल्व्हिया नोकरीत राहिली. तिला कुणी बोल लावला नाही, तेच तिला जड जायचं.