आठचा फोन

अक्का फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘‘भूक आहे की राग?’’ एवढंच विचारत. पहिल्या दिवशी मला वाटलं, नंबर चुकला. मी जळगावहून बोलतोय, डॉक्टरांनी तुमचा नंबर दिला, गुडघे गेलेत, वजन उतरवायचं आहे, असं सगळं सांगून झालं. पलीकडून पुन्हा तोच प्रश्न. मी चिडून म्हणालो, ‘‘राग.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग ताट जरा बाजूला ठेवा आणि कोणावर ते सांगा.’’

त्या धुळ्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. तिथेच देवपूर भागात एकट्या राहत. वजनापुढे हात टेकलेली माणसं जेवायच्या वेळी त्यांना फोन करत. ज्याची त्याची वेळ ठरलेली, माझी आठची. हे त्या कशासाठी करत, ते मला कळत नव्हतं. मी पारोळ्याकडच्या खेड्यातून रिकाम्या हातांनी जळगावला आलेला माणूस. केळीचा व्यापार मी बागेत उभं राहून, भाव पाडून, आरडाओरडा करून उभा केला. फुकट मिळतं त्यात खोट असते, एवढं मला कळत होतं. ही बाई शेवटी काय विकणार, याची मी कितीतरी महिने वाट पाहिली. चूर्ण, विम्याची पॉलिसी, एखाद्या बुवाचा गंडा, काहीतरी निघेलच. काही निघालं नाही.

त्यांच्याशी घासाघीस करता येत नसे. मी म्हणायचो, ‘‘अक्का, दोन भाकरी चालतील? बरं, दीड.’’ त्या म्हणायच्या, ‘‘मी भाव सांगितलाच नाही, भाऊ. तुम्हाला किती लागते ते विचारलं.’’ आता समोरचा भावच सांगत नसेल, तर व्यापाऱ्याने करायचं काय? मला किती लागते, ते मला माहीत नव्हतं. बायको जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा माझ्याशी न पटून नाशिकला निघून गेला होता. गोदामाला कुलूप लावून घरी आलो की मी तिखट शेवेची पुडी उघडायचो आणि रेडिओ ऐकत ती संपवायचो. याला भूक म्हणायचं की आणखी काही, हे त्याआधी मला कोणी विचारलं नव्हतं.

मी तावातावाने बोलायला लागलो की त्या मुद्दाम अहिराणीत शिरायच्या. ‘‘आज कोनासंगे भांडी उनात, भाऊ?’’ मग मी ड्रायव्हरशी, हमालांशी, मुलाशी, ज्याच्याशी भांडून आलो ते सगळं सांगायचो. सांगून होईपर्यंत ताटातलं गार व्हायचं, आणि गार झालेल्या ताटाकडे बघून कळायचं की एवढं मला नकोच होतं.

एका हिवाळ्यात ओळखीच्या शेतावर भरीत-पुरीचा बेत होता. मी गळ्याशी येईपर्यंत जेवलो आणि दुसऱ्या दिवशी गुन्हेगारासारखा फोन केला. पुऱ्या किती, हे त्यांनी विचारलंच नाही. ‘‘कोण कोण होतं?’’ मी नावं घेतली. ‘‘त्यांच्याशी काय बोललात?’’ मला एक वाक्य आठवेना. ‘‘असू द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढच्या वेळी वाढणाऱ्याला निदान त्याच्या पोराबाळांचं विचारा. तेवढा वेळ हात थांबतो.’’

माझे सदरे सैल व्हायला लागले. जिना चढताना धाप लागेना. ज्या बाईने हे केलं तिला एकदा बघावं, असं मला वाटायला लागलं. ‘‘धुळ्याला काम आहे, घरी येऊ का?’’ ‘‘नको भाऊ. तुम्ही आलात की मला पोहे करावे लागतील आणि तुम्हाला खावे लागतील.’’ मी हसलो. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या तेव्हा मी फोन आपटला आणि बरेच दिवस केला नाही. शेवटी मलाच राहवेना.

‘‘भूक आहे की राग?’’

‘‘राग.’’

‘‘कोणावर?’’

‘‘तुमच्यावर.’’

‘‘मग आत्ता जेवू नका. आधी भांडून घ्या.’’

मी भांडलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण ‘या’ म्हणाल्या नाहीत.

मग एका संध्याकाळी फोन एका पुरुषाने उचलला. अक्कांचा भाचा. ‘‘मावशी सोमवारी गेली. झोपेतच.’’

तेराव्याला मी धुळ्याला गेलो. पहिल्यांदाच. मांडवात अनोळखी माणसं एकमेकांकडे चोरून बघत बसली होती. शिंदखेड्याच्या एक बाई हळूच म्हणाल्या, ‘‘तुम्ही कितीचे?’’ म्हटलं, ‘‘आठचा.’’ ‘‘मी साडेसातची,’’ त्या म्हणाल्या आणि सरकून मला जागा दिली.

आत हार घातलेला फोटो होता. फोटोतल्या खुर्चीचे हात दिसत नव्हते, एवढ्या अक्का जाड होत्या. मी भाच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘‘शेवटी तर दोन खोल्यांत चालणंही होत नव्हतं. सगळ्यांचे फोन झाले की ओट्याशी उभी राहून जेवायची, पातेल्यातूनच. खूप जेवायची.’’

‘‘मग त्यांना कोण विचारायचं, भूक आहे की राग?’’

‘‘तिला काय विचारायचं? तिला सगळं माहीत होतं.’’

मी न जेवता उठलो. अजूनही मला त्या बाईचा राग येतो. मी रोज फोन ठेवताना विचारायचो, ‘‘अक्का, तुमचं जेवण?’’ आणि त्या म्हणायच्या, ‘‘केव्हाच झालं.’’ व्यवहारात जो नुसता देत राहतो आणि समोरच्याचं काही घेत नाही, तो समोरच्याला कमी लेखतो. मला पाहून त्या लाजल्या असत्या, की त्यांना पाहून माझा विश्वास उडेल असं त्यांना वाटलं? मी माल पाहून घेणारा माणूस, दुकानदाराचं तोंड पाहून नाही. हे त्यांनी मला सांगू द्यायला हवं होतं.

भाच्याने घराला कुलूप लावलं. तरी मी आठ वाजता नंबर फिरवायचो. बंद घरात घंटी वाजायची. ती थांबेपर्यंत मी ताटाला हात लावत नसे.

पुढे एकदा तो फोन उचलला गेला. नंबर दुसऱ्या कोणाला तरी मिळाला होता. मागे कुकरची शिट्टी, ताटांचा आवाज, दोन लेकरं पापडावरून भांडत होती. ‘‘हॅलो, कोण पाहिजे?’’ एक बाई विचारत होती. मी लेकरांचं भांडण ऐकत राहिलो. तिने पुन्हा विचारलं.

‘‘कोणी नाही,’’ मी म्हणालो. ‘‘जेवा तुम्ही.’’