बाटलीवरचा काळा कागद

नर्सने बायकोच्या केमोच्या बाटलीवर काळा कागद गुंडाळला. "उजेड लागला की औषध बिघडतं, काका."

त्यात प्लॅटिनम असतं. ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं आणि पेशी मरते. गाठीतली मरते, तशी कानातलीही. ही चौथी बाटली. तिसरीपासून हिला निम्मंच ऐकू येतं.

रसायनशास्त्र शिकवणारी आमची लेक सांगते, प्रयोगशाळेत असंही प्लॅटिनम आहे, जे अंधारात निपचित पडून राहतं आणि उजेड टाकू तिथेच डीएनएला धरतं. एकाला उजेड सोसत नाही, दुसऱ्याला उजेडच लागतो.

"मग आईला?"

"अजून सर्रास देत नाहीत, बाबा."

मिनिटाला वीस थेंब पडत होते. मी हिला ते उजेडाचं सगळं सावकाश सांगितलं.

डोळे मिटूनच ही म्हणाली, "अहो, बोला की काहीतरी. किती वेळ गप्प बसाल?"