मिठाने खाल्लेल्या शेळ्या

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ऊर्मिला देवस्थळी भिंतीपाशी पाटावर बसून शेळ्या गिरवत होती. पारदर्शक कागद भिंतीवर धरायचा आणि पेन्सिलीने रेषेमागून रेषा. खालचं प्लास्टर फोडायला गवंडी आठला येणार होता.

स्टुटगार्टच्या चढावरच्या त्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर अकरा वर्षांपूर्वी तिने डोंगर रंगवला होता, झाडं, वर जाणारी वाट. तळाची शेळ्यांची रांग मात्र नवऱ्याची. पक्षाघाताने भास्करांचा उजवा हात लुळा पडला होता. स्टुलावर बसून पोचेल तेवढंच त्यांनी रंगवलं, तेही डाव्या हाताने.

"अहो, ही शेळी आहे की टेबल?" तेव्हा तिने विचारलं होतं.

"चार पाय आहेत ना? मग तुझं काय जातंय?"

आता डोंगर टवटवीत होता. खालचा हातभर पट्टा फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते, नऊपैकी चारच शेळ्या ओळखू येत होत्या. भास्कर जाऊन दोन वर्षं झाली होती. डोंगराचं काही का होईना, हा पट्टा तिला वाचवायचा होता. गिरवताना तिचा सरावलेला हात रेषा सरळ करायचा. खोडून ती पुन्हा वाकडी काढत होती.

गवंडी फोग्ट आले, वाकून पाहू लागले. "वा, कुत्रे छान आहेत."

"शेळ्या आहेत त्या."

त्यांनी नखाने पापुद्रा उचलला, आतली पांढरी भुकटी बोटांवर चोळली. "मीठ. हिवाळ्यात भिंतीखालच्या या वाटेवर कोण टाकतं?"

"मीच टाकायचे."

"खडी टाकायची असते, फ्राउ देवस्थळी. मिठाला मनाई आहे."

"खडीवरून त्यांची काठी सरकायची."

फोग्टनी बोटांवरची भुकटी झटकली. दर हिवाळ्यात वितळत्या बर्फाबरोबर ते मीठ भिंतीत चढत गेलं होतं. भास्कर त्या वाटेवर एकदाही पडले नाहीत.

"एखादी शेळी अख्खी काढता येईल?"

"नाही. हा रंग प्लास्टरमध्येच मुरतो. प्लास्टर गेलं की तोही गेला. कोणी निवडला?"

तोही तिनेच निवडला होता, पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून.

चौथी शेळी गिरवून होईपर्यंत फोग्ट गाडीत कॉफी पीत थांबले. मग तिने पाट उचलला आणि छिन्नी सुरू झाली. अकराच्या सुमारास तळाला नुसत्या विटा उरल्या. मोठे तुकडे त्यांनी गोण्यांत भरले, बारीक रंगीत भुकटी वाटेवर पसरून राहिली.

"नवं प्लास्टर सुकू द्या महिनाभर. मग काढा तुमच्या शेळ्या."

"माझ्या फार नीट येतात," ती म्हणाली आणि कागदाची गुंडाळी करून वर गेली.

इमारतीत झाडलोटीची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते. त्या पाळीची, म्हणजे केअरवोखेची, पाटी सोमवारपासून ऊर्मिलाच्या दारावर आहे. उद्या शनिवार. जिना आणि भिंतीखालची वाट उद्या तिने झाडायची आहे.