पाण्याची कूस

माझे भावोजी पाणीपुरवठ्यात पंपचालक होते. नदीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, एवढं एकच काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. कामावर सगळे त्यांना 'प्रेशर' म्हणत, कारण कुठलीही अडचण सांगा, यांचं उत्तर ठरलेलं: "प्रेशर वाढवा." पाहुणे उशिरा आले तरी हेच, मला परीक्षेत गुण कमी पडले तरी हेच. मी त्यांची एकुलती एक मेव्हणी. त्यांना चिडवायचा हक्क माझा होता आणि तो मी कधी सोडला नाही.

घरातली खाऱ्या पाण्याची टाकी मात्र ताईची. दोनशे लिटरची काच, तळाला वाळू, दोन नारिंगी मासे आणि मधल्या दगडावर एक प्रवाळ. अकरा वर्षांपूर्वी ते अंगठ्याएवढं आणलं तेव्हा भावोजींनी विचारलं होतं, "हे अंगठीत घालायचं का?"

"जिवंत आहे ते," ताई म्हणाली. "बोट लावलंत तर याद राखा."

मीठ मोजून कालवत, दर आठवड्याला पाणी बदलत तिने ते तळहाताएवढं केलं. उघडलं की त्याचे मऊ लांबट हात दिवसभर डुलत राहायचे.

मग ताईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भावोजींनी तिची खाट टाकीसमोर आणून लावली आणि ताई तिकडे बघत पडून राहू लागली. माणसं ओळखते का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर हे म्हणाले, "माणसांचं सांगता येत नाही. प्रवाळ ओळखते." मी मुक्कामाला आले होते, रोज तिचे केस विंचरत होते, आणि हे असं बोलतात! मला फार राग आला.

तिसऱ्या महिन्यात टाकीतला पंप जळाला. प्रवाळ जागचं हलत नाही. त्याचं खाणं पाण्याने आणून द्यायचं आणि घाणही पाण्यानेच न्यायची. पाणी थांबलं की त्याचा जीव कोंडतो. ताईसाठी रोज येणाऱ्या नर्सला तिच्याजवळ बसवून आम्ही दोघं दुकानात गेलो.

"टाकी केवढी आहे, काका?" दुकानवाल्या बाईने विचारलं.

"ते राहू दे. सगळ्यात मोठा पंप कोणता?"

"तासाला बारा हजार लिटरचा. पण तुमच्या टाकीला नाकापेक्षा मोती जड होईल. त्यापेक्षा दोन लहान घ्या आणि दोन टोकांना लावा. समुद्राचं पाणी जसं येतं तसं परतही जातं ना."

"बाई, मी चौतीस वर्षं पंपच चालवलेत." पालथ्या घड्यावर पाणी! आम्ही बारा हजारचा घेऊन आलो.

पंपाच्या घरघरीने ताई कपाळाला आठ्या घालू लागली, म्हणून त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून पंपाखाली लावला. मग काचेवर तळवा टेकला, थरथर अजमावली आणि म्हणाले, "चालू आहे." कामावरून फोनवर वरच्या साहेबांना सांगायचे, त्याच आवाजात.

चार दिवसांत वाळूत खड्डा पडला. प्रवाळ मिटलं. आणखी आठवड्याने पंपाकडच्या बाजूचं त्याचं मांस सुटून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागला. पाठच्या बाजूला पाणी पोचतच नव्हतं, तिथे तपकिरी घाण साचली. अति तिथे माती म्हणतात ती हीच. ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि चमच्याने भरवलेलं घेणं बंद केलं.

"ते गेलं तर ही राहायची नाही," भावोजी म्हणाले.

त्याच सकाळी नर्सला ताईच्या पाठीवर जखम दिसली होती. माझा तोल गेला. "आधी बायकोच्या पाठीकडे बघा! बाई कुजत पडली आहे आणि यांना प्रवाळाची पडली आहे!" हे मी ताईसमोर बोलले. तिला ऐकू येत होतं. ते शब्द अजूनही मला छळतात.

नर्स मध्ये पडली. "भांडू नका. दाब सारखा एकीकडेच पडला की कातडं मरतं. दर दोन तासांनी कूस बदला. डावी, मग उजवी."

भावोजींनी ताईकडे बघितलं, मग टाकीकडे. मग जाऊन त्यांनी पंप बंद केला.

दुकानात जाऊन ते जे बोलले ते मी उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "माझं चुकलं. दोन लहान द्या."

दोन टोकांना दोन पंप लागले. पाणी थेट प्रवाळावर न जाता काचेवर आपटून पसरेल, अशी त्यांची तोंडं वळवली. आळीपाळीने चालावेत म्हणून वेळेचं बटण बसवलं. कितीही तासांचं लावता येईल, असं बाई म्हणाली होती. त्यांनी दोन तासांचं लावलं. बटण टक् वाजलं की पाणी उलटं फिरायचं आणि आम्ही ताईची कूस बदलायचो. खाटेच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. चादरीचे कोपरे धरायचे, त्यांनी "हं" म्हणायचं आणि दोघांनी मिळून वळवायचं.

जखम महिन्यात भरली. प्रवाळाला तीन महिने लागले आणि एक बाजू पांढरी राहिली ती राहिलीच. पण उरलेलं उघडलं. त्या दुपारी ताईने आपणहून मान टाकीकडे वळवली आणि डावा हात काचेच्या दिशेने थोडासा उचलला. भावोजी माझ्यासमोरच रडले. मग मीही रडले.

ताई पुढे चौदा महिने होती. पाठीवर पुन्हा ओरखडासुद्धा उठला नाही. एका सकाळी झोपेतच गेली.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी त्यांना भेटायला गेले. खाट अजून तिथेच होती, चादर स्वच्छ आणि ताणून घातलेली. आम्ही चहा घेत होतो. गुडघेदुखीचं काहीतरी बोलणं चाललं होतं. बटण टक् वाजलं. टाकीतलं पाणी थबकलं आणि दुसरीकडून वाहू लागलं. भावोजींनी कप खाली ठेवला, उठले आणि खाटेपाशी जाऊन उभे राहिले.

आता कुणासाठी, असं मी म्हणणार होते. पण मीही उठून पलीकडच्या बाजूला उभी होते आणि माझ्या हातात चादरीचा कोपरा होता.