पितृपंधरवड्यातली रिकामी खुर्ची

शुक्रवार, १९ सप्टेंबर. सकाळचं काम: वरिष्ठ प्रशासकीय अधिकाऱ्याची केबिन साफ करून घेणं. जुने अधिकारी मे महिन्यात निवृत्त झाले, तेव्हापासून तिथे खडकांच्या नमुन्यांच्या पेट्या साठल्या होत्या. शिपाई आणि मी मिळून त्या बाहेर काढल्या, टेबल पुसलं, पंख्यावरची जळमटं झाडली. संध्याकाळपर्यंत नवे अधिकारी रुजू होतील अशी आशा होती. आशा कसली, दुसरा मार्गच नव्हता.

आमचं ऑफिस सरकारी भूवैज्ञानिक खात्याचं, पनवेलमधलं. मी आस्थापना शाखेची अधीक्षक. माणसं आणणं, पाठवणं, त्यांच्या रजा बघणं हे माझं काम. आमचे साहेब भूवैज्ञानिक. त्यांना डोंगर कळतो, पण खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार त्यांना नाही. ती सही प्रशासकीय अधिकाऱ्याची. खुर्ची रिकामी म्हणून मोजणीची यंत्रं आणता येत नव्हती, आणि यंत्रं नाहीत म्हणून नेऱ्याच्या पुढे डोंगराखालच्या एका वस्तीचा अहवाल अडकला होता. गणपतीत वस्तीच्या वरच्या अंगाला जमीन फाटली होती. तहसील कार्यालयाला मोजणीसकट अहवाल हवा होता, त्याशिवाय ते वस्ती हलवणार नव्हते. साहेब नुसते पाहून आले आणि मला म्हणाले, "मला विचाराल तर तिथे एक रात्रही झोपू नये. पण मोजमाप नसताना हे कागदावर कसं लिहू?"

अधिकारी मिळवायला आम्ही काय नाही केलं! जाहिरात दिली, मुलाखती झाल्या. पहिल्या क्रमांकाच्या गृहस्थांनी आमचा आदेश हातात पडताच तो पुढे करून स्वतःच्याच खात्यात हवी ती जागा पदरात पाडून घेतली. आमच्या खात्याचा असा उपयोग करणारे ते पहिले नव्हेत. प्रतीक्षायादीवर मग एकच नाव उरलं, खारघरच्या एका गृहस्थांचं. त्यांचा आदेश मुख्यालयातून निघाला तो विसर्जनाच्या तोंडावर. रुजू व्हायला दिलेली मुदत जवळजवळ सगळी पितृपंधरवड्यात गेली. कॅलेंडर कोणी उघडलंच नव्हतं.

"घटस्थापनेला सकाळी सगळ्यांच्या आधी मी हजर," असं ते फोनवर म्हणाले होते. घटस्थापना सोमवारी होती आणि मुदत शुक्रवारी संपत होती. मुदतीत रुजू झाले नाहीत तर आदेश रद्द, यादी संपली, पुन्हा जाहिरात.

मुदतवाढीसाठी मी मुख्यालयाला फोन केला. तिथला कक्ष अधिकारी हसला.

"मॅडम, कारण काय लिहू? उमेदवाराकडे पूर्वज जेवायला आलेत?"

"आजारी आहेत म्हणून लिहा."

"मग डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल. भटजीचं चालणार नाही."

अकराच्या सुमाराला वस्तीवरची एक बाई आली. दर दोन-तीन दिवसांनी यायची. बाकावर न बसता थेट माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"म्याडम, तो सायेब आला काय?"

"संध्याकाळपर्यंत येईल."

"तुमी मंगळवारी पण ह्येच बोलल्या. भेगेत आता माजा पाय जातो. पोरं रात्री दार उघडं ठेवून झोपतात."

"आज नक्की."

"आज नक्की," ती माझीच नक्कल करत म्हणाली आणि गेली.

मी पर्स उचलली आणि रिक्षाने खारघर गाठलं. बाराव्या मजल्यावरचा नीटनेटका फ्लॅट. गृहस्थ पन्नाशीचे, सौम्य. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. वस्ती, भेग, यंत्रं, सही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मॅडम, तुमचं सगळं पटतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पण मागची बढती घेताना मी पितृपक्षातच रुजू झालो होतो. दिवाळीच्या आधी वडील गेले. मी त्याचा संबंध लावत नाही. आई लावते."

"मग आईंना समजवा."

"तुम्ही बघा समजावून."

आई आतून चहा घेऊन आल्या. ऐंशीच्या असतील, हात कापत नव्हता. "बाई, तीन दिवसांनी काय बिघडतंय? सोमवारी घट बसले की खुशाल न्या त्याला."

"आजी, सोमवारी न्यायला आदेशच उरणार नाही. तिथे माणसं मरतील."

"माझ्या घरातलं एक गेलंय," त्या म्हणाल्या.

मी वळून मुलालाच म्हटलं, "रुजू अहवालावर इथेच सही करा. मी घेऊन जाते. खुर्चीत सोमवारी बसा." असं करायला परवानगी नसते. पण साहेबांनी डोळेझाक केली असती. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातलं पेन काढलं. मी फाइल उघडून पुढे धरली.

"कागदावर तारीख कुठली पडणार?" आईंनी विचारलं.

मी फाइल आणखी पुढे सरकवली.

"आजचीच ना? मग घरी काय नि ऑफिसात काय."

गृहस्थांनी पेन परत खिशात ठेवलं. मला राग आला आणि मी नको ते बोलले, "पक्षात पगार जमा झाला तर परत करता का हो?" ते लाल झाले. आईंनी माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून आत नेला. मी प्यायले नव्हते.

सव्वासहापर्यंत मी ऑफिसात बसून राहिले. लिफ्टचा आवाज झाला की दाराकडे बघत होते. शेवटी साहेबांना जाऊन सांगितलं. ते खिडकीशी उभे होते.

"पुन्हा जाहिरात म्हणजे किती महिने?"

"तुम्हाला माहीत आहे."

"आपण वस्तीला तोंडी काही सांगायचं नाही असं तहसीलनं कळवलंय. घबराट होते म्हणे." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तरी काय करू?"

घरी गेले. भात लावला. जेवण गेलं नाही. मी काही तेवढी दोषी नाही, असं स्वतःला सांगून पाहिलं. त्याचा उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, ऑफिसला सुट्टी. उजाडताच नेऱ्याची रिक्षा केली, पुढचा चढ पायी गेले. ती बाई अंगणात भांडी घासत होती. मला बघून तिने राखेचे हात तसेच पदराला पुसले. माणसं गोळा झाली.

"साहेब येणार नाही. कागदही येणार नाही. आजच खाली नेऱ्याच्या शाळेत राहायला चला."

"सरकारनं सांगितला?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही. मी सांगतेय."

"तुमी कोन?"

"ऑफिसात माणसांच्या रजा बघते."

दोघंतिघं हसले. एकजण म्हणाला, "मंग आमाला पन रजा द्या, बाय." कोणी जागचं हललं नाही. मी वर गेले, भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि खाली माती ओली लागली. मी खाली आले. कोंबड्यांमागे तरी ती बाई येईल म्हणून तिच्या दारातली कोंबड्यांची झाकलेली पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि मागे न बघता शाळेची वाट धरली.