आठवड्याच्या इंजेक्शनचे कट्टर विरोधक

आमच्या काकांना अख्खी कॉलनी डॉक्टर म्हणायची, आणि काकांनी उभ्या आयुष्यात एकदाही कोणाची चूक दुरुस्त केली नाही.

मेडिकल कॉलेजात होते हे खरं, पण आस्थापना विभागात. डॉक्टरांच्या रजा जिथे अडतात त्या टेबलावर त्यांनी नोकरी काढली. जो डॉक्टरांच्या रजा अडवतो त्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत असणार, असा त्यांचा समज होता, आणि मुख्य म्हणजे शेजारपाजारचाही. "मी मेडिकलमध्ये होतो," एवढंच बोलून काका गप्प बसत. त्या गप्प बसण्यात एमबीबीएस आणि एमडी दोन्ही उरकून जात.

माझी मुलगी रेवा शाळेच्या फोटोत कायम पहिल्या रांगेत, खाली बसलेली. तपासण्या झाल्या, तेव्हा कळलं की तिच्या शरीरात वाढीचं हार्मोन कमी तयार होतं. उपाय होता, पण रोजचा. रोज संध्याकाळी एक इंजेक्शन, उंची वाढायची थांबेपर्यंत, म्हणजे वर्षानुवर्षं. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. काका मात्र खुर्चीत सरसावून बसले. त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी खातं दिलं होतं.

"आपल्या घराण्यात असं आजवर कोणी निघालं नाही," सहा फुटी काका म्हणाले आणि माझ्या नवऱ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. त्यात फारसा वेळ गेला नाही. त्या दिवसापासून माझा नवरा काकांशी फक्त बसून बोलू लागला.

क्लिनिकच्या सिस्टरनी इंजेक्शनचं पेन कसं वापरायचं ते शिकवलं. काका अशा थाटात मान हलवत होते, की सिस्टरच परीक्षेला बसली आहे असं वाटावं. पण शिकले मात्र नीट. दिवेलागणीला ते दोन गल्ल्या ओलांडून यायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि ओले हात वर धरून उभे राहायचे. टॉवेल दुसऱ्याने द्यायचा. मोठ्या ऑपरेशनआधी देतात तसा.

सुई रोज वेगळ्या जागी द्या, असं डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं. काकांनी त्यासाठी माझ्या लेकीवर आमचा अख्खा इंदूर जिल्हा बसवला. डावी मांडी बेटमा गाव, उजवी हातोद. दंड म्हणजे सियागंजचा घाऊक बाजार, "कारण जागा कमी आणि दाटीवाटी फार." पोट अर्थात मधोमधचा राजवाडा. "आज कुठे जायचं, भिया?" काका इंदुरी रिक्षावाल्यासारखे विचारायचे. रेवा कधी कधी म्हणायची, "काका, आज बेटमा बंद आहे, रस्त्याचं काम चालू आहे." मग काका गंभीरपणे हातोदला वळायचे.

"रोज म्हणजे रोज," हे त्यांचं ब्रीद. लग्नाला गेलो तर पेन बर्फाच्या डब्यातून सोबत यायचं आणि काकाही. एका लग्नात त्यांनी नवरीच्या खोलीत रेवाला सुई दिली. दार उघडून बाहेर आले तेव्हा हातात रिकामी सुई होती आणि समोर वऱ्हाड. जेवायला बसेपर्यंत त्यांनी तिघांच्या नाड्या पाहिल्या आणि नवरदेवाच्या मामाचं गोड बंद केलं.

रेवा मोठी झाली तशी मैत्रिणींची राहायला बोलावणी येऊ लागली. शाळेचं शिबिरही आलं. प्रत्येक ठिकाणी तिने नकार दिला, कारण बर्फाचा डबा नेता येतो, काकांना कसं नेणार? स्वतः टोचून घ्यायची तिची छाती नव्हती, आणि शिकवा म्हटलं तर काका म्हणत, "मी काय मेलो?" त्याच सुमाराला डॉक्टर मॅडमनी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या इंजेक्शनचं सांगितलं. आजवर दिसलं त्यावरून उंची जवळपास तशीच वाढते, त्या म्हणाल्या. रोजच्या औषधामागे कितीतरी वर्षांचा अनुभव आहे, हे नवीन आहे, एवढा फरक. जे न चुकता घेणं होईल ते निवडा.

काका माझ्यावर खवळले. "वंदू, सात दिवसांचं जेवण रविवारी जेवता येतं का?"

"ते औषध अंगात हळूहळू सुटतं, काका."

"हळूहळू सुटणाऱ्या गोष्टींवर माझा भरोसा नाही. माझी पेन्शनही हळूहळूच सुटली होती. हे सगळं सियागंजचं ठोकचं काम आहे. ठोकात माल घेतला की पोत्याच्या तळाशी कीड निघते."

"मी पोतं आहे का?" रेवाने विचारलं.

"तू गप बस. दिवाळीनंतर बघू."

दिवाळी गेली, मग संक्रांत गेली. मॅडमचं म्हणणं सोपं होतं, आमच्या घरचं गणित नव्हतं. काकू गेल्यापासून काकांच्या घरात दिवा लागायचा तो आमच्याकडून परतल्यावर. मुलगा पुण्याला. कामाशिवाय कोणाकडे जाणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. सुई रोजची ठेवली तर रेवाचं शिबिर गेलं, आठवड्याची केली तर काकांची संध्याकाळ गेली. असा पेच पडला की आमच्या घरात निर्णय पुढच्या सणावर ढकलतात.

त्या थंडीत बेटम्याला एक निळा डाग दिसला. मग हातोदला. "सुया भंगार यायला लागल्यात," काकांनी निदान केलं आणि स्वतः जाऊन दुसऱ्या दुकानातून आणल्या. डाग थांबले नाहीत. रेवा पूर्वीसारखीच मांडी पुढे करत राहिली. एका संध्याकाळी मात्र काका पेनवरचा आकडा लावताना फार वेळ खाऊ लागले, तेव्हा तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. "काका, आज मीपण दाबणार."

"दाब. शिकून ठेवलेलं बरं," काका म्हणाले. हे तेच काका.

पुढच्या तपासणीला ते सफारी घालून आले. मॅडमच्या टेबलासमोर त्यांनी आठवड्याच्या इंजेक्शनविरुद्ध असं भाषण केलं की बाहेरचे पेशंट आत डोकावून गेले. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग काकांचा फोन वाजला. खोलीत नीट ऐकू येईना म्हणून ते बाहेर गेले.

मॅडमनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकाजी पिछले हफ्ते अकेले आए थे. बोले, मेरा हाथ हिलने लगा है, बच्ची को दर्द होता है, पर वो बोलती नहीं. आप हफ्तेवाला लिख दो. और घर पे मत बताना कि मैंने बोला."

मी रेवाकडे पाहिलं. ती टेबलावरचा हाडांचा नमुना फार लक्ष देऊन पाहत होती.

काका परत आले. मॅडमनी आठवड्याचं इंजेक्शन लिहून दिलं. काका छताकडे बघत म्हणाले, "माझा विरोध लिहून ठेवा."

"लिख लिया," मॅडम म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"काका, तुम्ही हरलात," रेवा म्हणाली.

"हरलो नाही. मला डावललं गेलं. दोन्हींत फरक असतो, ऑफिसात विचार."

पहिली सुई रविवारी झाली. रेवाने पेन धरलं आणि काका भिंतीकडे तोंड करून सूचना देत राहिले. सोमवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात काका.

"आज सुई नाही, काका," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. मी विरोध करायला आलोय."

आणि ते रोज येत राहिले. चहा घ्यायचे, सेव कालचीच आहे असा शेरा मारायचे आणि त्या दिवसाचा आक्षेप मांडायचे. रेवा उत्तर द्यायची. दोघंही एकमेकांचं काही ऐकत नसत, त्यामुळे वाद कधी संपला नाही. रेवा शिबिराला गेली, पाठोपाठ मैत्रिणीकडे राहून आली. त्या दिवसांत काका माझ्यापुढे विरोध करत, पण त्यात जोर नसे. "तुला मुद्दे कळत नाहीत," म्हणून लवकर उठत.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. रेवाची सुई अजून चालू आहे. दर रविवारी तिची तीच घेते, चहा उकळायच्या आत होऊनही जातं. मॅडम म्हणतात, उंची छान वाढतेय. सगळं सोयीचं झालंय आणि संध्याकाळी घरात कोणी भांडत नाही.

परवा दिवे लावत होते, तेव्हा रेवा आतून येऊन सोफ्यावर बसली. मग म्हणाली, "आई, खरं सांगू, रोजचंच बरं होतं."

मी लगेच आठवड्याच्या बाजूने बोलायला लागले. जेवणाची पानं घेईपर्यंत आमचं भांडण चाललं होतं.