उजवीकडचीच मोहफुलं
मोहाचा वास आला की गडचिरोलीतल्या एका गावातली सकाळ आठवते. मी तेव्हा नवीच डॉक्टर होते, लकव्यातून उठलेल्या एका बाईंना बघायला गेले होते. झाडाखाली त्या मोहफुलं वेचत होत्या, पण फक्त उजवीकडची. डावीकडचा सडा तसाच पडलेला. "मुद्दाम करून राह्यली, काम नाई करायचं तिले," सून चिडून म्हणाली. मी म्हटलं, "त्यांचे डोळे चांगले आहेत. डाव्या बाजूची दखल घेणारं मेंदूतलं नसांचं जाळं दुखावलंय, म्हणून ती बाजू त्यांना कळतच नाही." सुनेला पटेना. मग मी बाईंना खांद्याला धरून हळूच मागे वळवलं, तसा डावीकडचा सडा त्यांच्या उजवीकडे आला. "अवो, इथी एवढी फुलं होती?" म्हणत त्या भराभर वेचू लागल्या. "उगाच बोलली मी तिले," म्हणत सून सासूशेजारी बसली. आज विद्यार्थ्यांना मेंदू शिकवताना मी आकृतीच्या आधी हीच सकाळ सांगते.